गाजराचे खत आधीच्या पिकाला द्या

भोगी जवळ आली की बाजारात गाजरांचे ढीग लागतात. सरळसोट, गुळगुळीत गाजर आधी उचलले जाते. फाटे फुटलेले, केसाळ मुळ्यांचे गाजर तळाशी राहते आणि शेवटी जनावरांपुढे जाते. शेतकरी दोष बियाण्याला देतो. बियाणे कधी कधी दोषी असतेही. पण बऱ्याचदा मूळ कारण पेरणीच्या तोंडावर घातलेल्या अर्ध्याकच्च्या खतात असते.

शेणखत, लेंडीखत, कोंबडीखत ही जमिनीची खरी पुंजी आहे. मुळा, गाजर, बीट यांना लागणारी भुसभुशीत माती सेंद्रिय पदार्थांशिवाय टिकत नाही. चुकते ती खत देण्याची वेळ. उगवणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत गाजराचे सोटमूळ सरळ खाली उतरत असते. त्याच्या कोवळ्या टोकाला न कुजलेला गोळा आडवा आला किंवा कच्च्या खतातला अमोनिया लागला, तर टोक मरते आणि बाजूने फाटे फुटतात. त्यातच नत्र एकदम जास्त मिळाले तर पाला माजतो, मूळ पोसत नाही. शेणखतात नत्र साधारण अर्धा टक्का, तर वाळलेल्या कोंबडीखतात तीन टक्क्यांच्या आसपास असते. शेणखताच्या हिशेबाने कोंबडीखताच्या ट्रॉल्या रिकाम्या केल्या, तर पिकावर सहापट नत्राचा मारा होतो.

दुसरी बाब खाणाऱ्याच्या तब्येतीची. गाजर, मुळा आपण कच्चे खातो आणि ती वाढतात थेट मातीत. ताज्या विष्ठेतले रोगजंतू तिथेच असतात. अमेरिकेतील सेंद्रिय शेतीच्या नियमांनुसार, मातीला लागून वाढणाऱ्या अशा भाजीसाठी न कुजवलेले शेणखत काढणीच्या किमान १२० दिवस आधी मातीत मिसळावे लागते. मुळा तर दीड-दोन महिन्यांत काढणीला येतो. म्हणजे मुळ्याच्या आयुष्यात कच्च्या खताला जागाच नाही. ते त्याच्या आधीच्या पिकालाच द्यायला हवे.

आपल्याकडे याची सोय जुनीच आहे. उन्हाळ्यात मोकळ्या रानात धनगरांच्या मेंढ्या बसवल्या की लेंडी आणि मूत्र दोन्ही जागच्या जागी पडतात. वाहतुकीचा खर्च नाही. वैशाखात मेंढ्या बसवा, पावसाळ्यात त्याच रानात बाजरी किंवा मूग घ्या. पावसाने लेंडी मुरते, पहिले पीक नत्राचा जोर ओढून घेते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरलेल्या गाजराला मुरलेली, मऊ माती मिळते. भोगीपर्यंत आठेक महिने गेलेले असतात. मेंढपाळाला धान्य किंवा रोख जे ठरेल ते वेळेवर आणि मानाने द्या. तो तुमच्या शेतात खताचा कारखाना घेऊन येतो.

आता हाडांच्या चुऱ्याविषयी. त्यात वीस टक्क्यांच्या आसपास स्फुरद असतो आणि मुळे पोसायला स्फुरद लागतो, म्हणून ‘कंदपिकांसाठी उत्तम’ असे सांगून तो विकला जातो. पण हे विधान अर्धेच खरे आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधले शेतकरी सलगमच्या शेतात हाडे घालत. काही रानांत पीक तरारे, काही रानांत काडीचाही फरक पडत नसे. रॉथमस्टेडचे जमीनदार जॉन बेनेट लॉज यांनी हाडांवर गंधकाम्लाची प्रक्रिया केली आणि त्यातला स्फुरद पाण्यात विरघळेल असा केला. १८४२ मध्ये त्यांनी पेटंट घेतले. आजचे सुपर फॉस्फेट याच तत्त्वावर बनते.

हाडातला स्फुरद विरघळायला आम्ल लागते, हा त्या प्रयोगाचा धडा. कोकणातल्या जांभ्या मातीत ते आम्ल आहे; तिथे सुरण, रताळी, कणगर यांना हाडांचा चुरा सावकाश पण नक्की लागू पडतो. देशावरच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीचा सामू (pH) आठच्या घरात, म्हणजे आम्लाच्या उलट बाजूला असतो. तिथे हाच चुरा दीर्घकाळ तसाच पडून राहतो आणि शेतकऱ्याचे पैसेही त्याच्यासोबत मातीत जातात. अशा रानात नीट कुजलेले खत आणि गरजेपुरते सुपर फॉस्फेट हाच शहाणा मार्ग.

म्हणून हाडांच्या चुऱ्याची गोणी घेण्याआधी जमीन आरोग्य पत्रिका काढा आणि त्यातला सामू वाचा. सामू सातच्या वर असेल तर विक्रेत्याने कितीही गळ घातली तरी तो चुरा घेऊ नका. कृषी खात्याच्या कर्मचाऱ्यांनीही गावोगाव हे स्पष्ट सांगावे. आणि येत्या वैशाखात, रब्बीत गाजर घ्यायचे असेल त्या रानात मेंढ्या बसवायचे आजच ठरवून टाका.