संदर्भ हवा!

आपल्या माणसाला पुरावा मागितला की तो रागावतो. "मी सांगतो ना!" हे त्याचे पहिले उत्तर. "साऱ्या गावाला ठाऊक आहे" हे दुसरे. तिसऱ्या उत्तराची वेळ येण्यापूर्वी चहा येतो आणि पुराव्याचे राहून जाते. आमच्या गोंदिया जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या हेच चालत आले आहे आणि कोणाचे फारसे अडलेही नाही. पण आता एक ठिकाण असे निघाले आहे, की तिथे "मी सांगतो ना" याला दिडकीचीही किंमत नाही. तुम्ही कितीही ठासून लिहा, तुमच्या वाक्याच्या शेपटाशी बारीक अक्षरांत दोनच शब्द येऊन बसतात : 'संदर्भ हवा'.

हे ठिकाण म्हणजे मराठी विकिपीडिया. कोणीही यावे आणि लिहावे, असा हा ज्ञानकोश. त्याचा जन्म १ मे २००३ चा. महाराष्ट्र राज्य १ मे १९६० चे आणि भंडाऱ्यापासून वेगळा झालेला आमचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ चा. तेव्हा या तिघांचा वाढदिवस एकच. वाढदिवस एक असला, तरी या ज्ञानकोशात आमच्या जिल्ह्याची वस्ती विरळ. जे थोडे लिहिले आहे त्यातही पुष्कळ ठिकाणी ते दोन शब्द कुसळासारखे टोचत असतात.

या सदराच्या जुन्या वाचकांना ठाऊक आहे, की निवृत्तीनंतर मी काही ना काही उद्योग मागे लावून घेत असतो. सध्याचा उद्योग या कुसळांचा आहे. इंग्रजी विकिपीडियावर 'फाइंड सोर्सेस' नावाचा एक साचा आहे. लेखाच्या चर्चापानावर तो ठेवला की एक ओळ उमटते. तिच्यातल्या एका दुव्यावर टिचकी मारली की त्या विषयाची पुस्तके शोधली जातात, दुसऱ्यावर बातम्या, तिसऱ्यावर विद्वानांचे निबंध. संपादकाने दारोदार हिंडू नये म्हणून दारांची यादीच त्याच्या हातात दिलेली. साचा एका जागी दुरुस्त केला की तो जिथे जिथे लावला आहे, त्या साऱ्या पानांवर दुरुस्ती आपोआप उतरते. त्याच धर्तीवर आमच्याकडच्या चारपाच लिहित्या मंडळींसाठी कॉलेजातल्या एका पोराने दुव्यांचे एक पान बांधून दिले. पोरगा नोकरीसाठी पुण्याला गेला. पान माझ्याकडे राहिले.

तुम्ही म्हणाल, एकदा बांधलेल्या पानाची देखभाल ती काय करायची? मलाही कोणी विहीर दाखवून हेच विचारले असते, तर मी म्हटले असते, बाबा, गाळ उपसावा लागतो. इथला गाळ म्हणजे नावे.

आता आमच्या गावाचेच नाव पहा. स्टेशनच्या पाटीवर रोमन लिपीत गोंदिया लिहिताना 'आय' नंतर थेट 'ए' येते. जनगणनेच्या पुस्तकात मध्ये 'वाय' घातलेला असतो. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १३,२२,५०७ भरली. पण पाटीवरच्या स्पेलिंगने हुकूम सोडला, तर जनगणनेची पाने हाती लागतीलच असे नाही. तिरोड्याची गंमत आणखी न्यारी. मराठीत 'तिरोडा', रोमनमध्ये 'ड' चा 'आर' होतो आणि तिथून हिंदीत परत येताना तो 'तिरोरा' होऊन येतो. जावई सासरी जाऊन आला की बोली बदलते तसे. गोरेगाव म्हणून शोधावे, तर यंत्र आपल्याला मुंबईच्या लोकलमध्ये बसवून देते. आमचा गोरेगाव तालुका बिचारा मागे फलाटावर उभा. अर्जुनी दोन आहेत, एक सडक अर्जुनी, दुसरी अर्जुनी मोरगाव. नवेगावे तर विदर्भात किती असतील कोण मोजणार! शिवाय आमच्या नवेगाव बांधातला 'व' कोणी 'व्ही' ने लिहितो, कोणी 'डब्ल्यू' ने. म्हणून प्रत्येक नावाचे जितके अवतार, तितके दुवे पानावर ठेवावे लागतात.

हे झाले आजचे. मागे जावे तर जिल्हाच नाहीसा होतो. १९९९ पूर्वीचे जे काही छापलेले आहे, ते भंडारा या नावाखाली. १९५६ पूर्वीचे शोधायचे तर राज्य मध्यप्रदेश आणि राजधानी नागपूर. त्याहून मागे मध्यप्रांत. त्या काळच्या गॅझेटियर मालिकेत भंडारा जिल्ह्याचा १९०८ चा खंड आहे. त्यात आमच्या भागाची माहिती आहे, पण 'गोंदिया जिल्हा' या शब्दांनी ती कशी सापडावी? काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण ज्याने केली, त्याने नक्कीच काहीतरी शोधून पाहिले असावे.

देवनागरीचा म्हणून आणखी एक वेगळा कर आहे. 'गोंदिया' हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो. यंत्र काना, वेलांटी, अनुस्वार सगळे सुटे करून त्याचे ७ तुकडे करते आणि दुव्याच्या पत्त्यात प्रत्येक तुकड्यासाठी ९ चिन्हे लिहिते. म्हणजे एका गावाच्या नावाला ६३ चिन्हे! त्यातले एक जरी गळाले, तरी दुवा भलतीकडे जातो. आणि हे सारे सांभाळले, तरी पलीकडचे दार उघडे असेलच असे नाही. गूगलने जुनी वर्तमानपत्रे छायांकित करून ठेवण्याचे मोठे काम हाती घेतले होते. ते २०११ मध्ये थांबले. सरकारी कचेऱ्यांची संकेतस्थळे भाडेकरूसारखी पत्ते बदलतात. अशा वेळी 'इंटरनेट अर्काइव्ह' ही १९९६ पासून जुनी पाने जपणारी संस्था उपयोगी पडते. मेलेल्या पानाची तिच्याकडची प्रत दुव्यात घालता येते. विद्यापीठांतले प्रबंध 'शोधगंगा' या भांडारात मिळतात. तेही दार मी पानावर लावून ठेवले आहे.

माझी परीक्षेची रीत साधी आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी तीन शब्द घेतो : नवेगाव बांध, तिरोडा, कचारगड. या तिघांची कोणती पुस्तके, कोणते अहवाल निघायला हवेत, ते मला आधीच पाठ आहे. ते निघाले, तर दुवा शाबूत. नाही निघाले, तर दुव्यात काहीतरी बिघडले. ज्याचे उत्तर ठाऊक आहे, असाच प्रश्न विचारून यंत्राची परीक्षा घ्यावी. शाळेत मास्तर मुलांची घेतात, तशीच.

हा सारा खटाटोप कशासाठी, असे घरातही विचारले जाते. त्याचे उत्तर मला गेल्या वर्षी मिळाले.

अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षिकेने आपल्या गावाची नोंद विकिपीडियावर लिहिली. त्यात गावच्या मामा तलावाचा एक परिच्छेद होता. बाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, मामा म्हणजे आईचा भाऊ नव्हे. 'माजी मालगुजारी' याचे ते लघुरूप. १९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली आणि मालगुजारांचे तलाव सरकारकडे आले. भातशेतीचा सारा प्राण या तलावांत. बाईंनी लिहिले, की तलाव जुना आहे, गावकऱ्यांचे पाणी आणि ढिवर समाजाची मासेमारी त्यावर चालत आली आहे. महिनाभर 'संदर्भ हवा' टोचत राहिला आणि नंतर कोणा दक्ष संपादकाने तो परिच्छेद उचलून टाकला. नियमाप्रमाणे त्याचे चुकले नव्हते.

पण त्याच सुमारास तलावाच्या काठची जमीन कोणाच्या तरी डोळ्यांत भरली होती. ग्रामसभेत एक गृहस्थ फोन वर धरून म्हणाले, "तलाव कुठला? ही पावसाळ्यातली बोडी. जुना तलाव असता तर कुठे लिहिलेले नसते का? दाखवा!" आणि दाखवायला कोणाकडे काही नव्हते. म्हातारे ढिवर बोलले. पण त्यांचे बोलणे म्हणजे पुन्हा "मी सांगतो ना".

बाईंचा मला फोन आला. "सर, मी गावाचे नाव मराठीत घातले, इंग्रजीत घातले. काहीच येत नाही हो." मी म्हटले, "बाई, गावाचे आजचे नाव विसरा. भंडारा जिल्हा धरा, तलावाऐवजी 'टँक' धरा आणि नावातल्या 'व' ला 'डब्ल्यू' लावा." आम्ही दोघे फोन कानाला लावून एकेक दुवा उघडत बसलो. अकराव्या की बाराव्या दुव्यावर जमाबंदीचा एक जुना छापील अहवाल निघाला. त्यात गावाचे नाव अशा स्पेलिंगने होते, की गावकऱ्यांनाही ओळखू येऊ नये. पण शेजारच्या दोन गावांची नावे आणि नाल्याचे नाव बरोबर जुळत होते. तलाव त्यात होता. त्याच्या पाण्याखाली भिजणाऱ्या जमिनीसह होता. पलीकडे बाई काही वेळ बोलल्याच नाहीत. मग म्हणाल्या, "सर, पान क्रमांक सांगा."

बाईंकडे निस्तारपत्रकाची नक्कलही पुढे आली. गावाचे सामाईक हक्क लिहून ठेवण्याचा हा आमच्याकडचा जुना दस्तऐवज. ज्ञानकोशात तो लावावा की नाही, यावर आम्ही थोडे भांडलो. ज्ञानकोशाला छापून प्रसिद्ध झालेले, कोणीतरी जबाबदारीने तपासलेले साधन लागते. सरकारी दप्तराच्या नकलेचा अर्थ आपणच लावत बसलेले त्याला चालत नाही. कचेरीत मात्र नेमके उलटे : तिथे निस्तारपत्रकच बोलते. तेव्हा अहवाल ज्ञानकोशात गेला आणि पत्रक तलाठ्याकडे गेले. परिच्छेद परत आला. जमिनीची मोजणी अजून व्हायची आहे, तिचे काय होईल ते मी कसे सांगू? पण "कुठे लिहिलेले नाही" हे वाक्य त्या ग्रामसभेत पुन्हा कोणी उच्चारलेले नाही, एवढे बाईंनी मला कळवले आहे.

म्हणून 'संदर्भ हवा' म्हणणाऱ्यांवर मी रागावत नाही. उलट सापडलेला प्रत्येक कागद संदर्भ नव्हे, हेही त्यांच्याकडूनच शिकण्यासारखे आहे. गोंदिया हे नाव कशावरून पडले? कोणी सांगतो डिंकाला गोंद म्हणतात म्हणून, कोणी सांगतो गोंड लोकांवरून. शोधले की दहा ठिकाणी हे सापडते; पण दहाही ठिकाणी वाक्य तेच, स्वल्पविरामासकट. एकाने लिहिले आणि नवांनी उतरवले, तर साक्षीदार एकच. कधी कधी तर ज्ञानकोशातले निराधार वाक्य घाईतला वार्ताहर उचलतो आणि वर्षभराने तेच कात्रण ज्ञानकोशात आधार म्हणून येते. स्वतःच्या हुंडीला स्वतःच जामीन! दुवे दारापर्यंत नेतात. आत बसलेला माणूस खरा की तोतया, हे पाहण्याचे काम शोधणाऱ्याचेच.

हे काम आपल्याकडे नवे आहे असेही नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० पासून १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची ग्रंथसूची केली. पुढे १९५० पर्यंतच्या पुस्तकांचा दुसरा खंड १९६१ मध्ये निघाला. किती कपाटे उघडली असतील, किती धूळ खाल्ली असेल! सूची लिहिणाऱ्याला कोणी हार घालत नाही. पण तिच्यावाचून पुढच्या अभ्यासकाला पाऊल टाकता येत नाही. आमचे दुव्यांचे पान त्या सूचीपुढे पाचोळ्याएवढे. तरी जात तीच.

आता दिवाळीचे एक काम सांगून रजा घेतो. घरोघर साफसफाई चालू आहे आणि रद्दीवाल्याचा काटा दारात आला आहे. त्याच्या काट्यावर काय जाते, ते एकदा पहा. शाळेच्या सुवर्णमहोत्सवाची स्मरणिका, भातगिरणीच्या संघाचा अहवाल, कोणा आजोबांनी स्वखर्चाने छापलेला गावाचा इतिहास, झाडीपट्टीच्या नाटकाचे पुस्तक : हे कुठल्याही यंत्रात नाही. ते गेले की दुवा कितीही चांगला असो, पलीकडे दारच उरत नाही. असे काही निघाले तर वेगळे काढा. मुखपृष्ठ, प्रकाशकाचे नाव-साल असलेले पान आणि अनुक्रमणिका यांचे छायाचित्र घ्या आणि पुस्तक गावच्या वाचनालयात देऊन पोच घ्या. पोच मात्र जरूर घ्या. पुढे कोणी विचारलेच, तर "मी दिले ना" यावर भागणार नाही.