सुटी हेही औषधच!

‘डॉक्टरसाहेब, गोळी द्या, पण दुकान बंद ठेवायला सांगू नका!’ नांदेड-लातूरकडील आडते, दुकानदार हमखास असे म्हणतात. वाचकहो, आठवड्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्यांपेक्षा 55 वा अधिक तास राबणाऱ्यांना पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी अधिक असतो, असे जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये सांगितले.

मग सुटीत करायचे काय? मी विष्णुपुरीच्या जलाशयाकाठी बसतो आणि सौरनौकेची स्वप्ने पाहतो. केरळात वैकमला 2017 मध्ये 75 आसनांची ‘आदित्य’ सूर्यप्रकाशावर धावू लागली. 2016 मध्ये रेल्वेने आणलेले पाणी प्यालेल्या लातूरकरांना याचे हसू येईल. येऊ द्या! ऊन तर आपल्याकडे मुबलक आहे, आणि हसण्याने ताण हलकाच होतो.

रक्तदाबाची गोळी मात्र चालू ठेवा. आठवड्यातून एक दिवस शटर खाली ओढा.