मिनिटाला साठ शब्द, पण समजून

‘निपुण भारत’ अभियान ५ जुलै २०२१ रोजी सुरू झाले. २०२६-२७ पर्यंत तिसरीतल्या प्रत्येक मुलाला वाचता-लिहिता यावे, साधी आकडेमोड जमावी, हे त्याचे उद्दिष्ट. वाचनाची कसोटी तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून. भीती एवढीच, की शाळा घड्याळ लावून शब्द मोजतील आणि ‘समजून’ कागदावरच राहील.

मुळाक्षरे तोंडपाठ असलेले मूल ‘क, म, ळ’ असे सुटे म्हणते आणि चित्र पाहून ‘फूल’ सांगते. हे वाचन नव्हे. ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी लिहायची आणि उच्चारायची मात्र नंतर, ही गोम पहिलीच्या मुलाला उलगडून दाखवावी लागते. मोजकी अक्षरे, एखादी मात्रा आणि त्यांतून लगेच जुळणारे ओळखीचे शब्द, हा क्रम संपूर्ण बाराखडी घोकण्यापेक्षा केव्हाही बरा.

मेळघाटातल्या कोरकू मुलाला तर शाळेतली मराठीच नवखी. तिथे आधी त्याच्या बोलीत गप्पा, गाणी, गोष्टी हव्यात, पुस्तक मागाहून. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला शिक्षण आदिवासी मुलांच्या अंगणात नेले, ते उगाच नव्हे.

सरकारने पहिली-दुसरीच्या शिक्षकांना अशैक्षणिक कामांतून मोकळे करावे, गोष्टींची पुस्तके कपाटातून मुलांच्या हाती द्यावीत आणि तपासणीत प्रत्येक उताऱ्यानंतर अर्थाचे दोन प्रश्न सक्तीचे करावेत.