पैसा जनतेचा, ज्ञान कोणाचे?

संरक्षण मंत्रालयाने २८ मार्च २०२५ रोजी हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीशी ‘प्रचंड’ जातीची १५६ लढाऊ हेलिकॉप्टरे घेण्याचा करार केला. त्यांतील ६६ हवाई दलासाठी आणि ९० लष्करासाठी आहेत. करांव्यतिरिक्त किंमत ६२,७०० कोटी रुपये. म्हणजे प्रशिक्षण व पूरक साहित्य धरून हेलिकॉप्टरामागे सुमारे ४०० कोटी. एवढ्या रकमेचा उच्चार होताच दोन सूर उमटतात. एक आत्मनिर्भरतेच्या जयघोषाचा आणि दुसरा ‘एवढ्या पैशात किती शाळा, किती दवाखाने’ असा. समाजवादी कार्यकर्त्याने यांपैकी कोणताही एक सूर धरून थांबणे पुरेसे नाही.

गरज खरी आहे. २८ नोव्हेंबर २००८ रोजी कुलाब्याच्या नरिमन हाउसच्या गच्चीवर कमांडो उतरले ते हेलिकॉप्टरमधून, आणि ते रशियन बनावटीचे एमआय-१७ होते. १९९९ मध्ये कारगिलच्या तोलोलिंगपाशी याच जातीचे हेलिकॉप्टर शत्रूच्या क्षेपणास्त्राने पाडले. उंच डोंगरांत लढू शकणारे हेलिकॉप्टर आपल्यापाशी नाही, हे त्या युद्धाने दाखवून दिले. ‘प्रचंड’चा उगम त्या अनुभवात आहे.

रोजगाराची सबब मात्र पुढे करू नये. या करारातून ८,५०० जणांना प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष काम मिळेल, असे सरकार सांगते. साधा भागाकार केला तर एका रोजगारामागे सात कोटींहून अधिक रुपये पडतात! काम देण्याचे याहून स्वस्त मार्ग पुष्कळ आहेत. या खर्चाचे समर्थन दोनच गोष्टींनी होऊ शकते : संरक्षणाची गरज आणि देशाच्या हाती येणारे ज्ञान. पहिली मान्य केली, तरी दुसरीचा हिशेब मागितलाच पाहिजे.

हा हिशेब गिरणगावाला नव्याने शिकवावा लागणार नाही. १८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईतील पहिली कापड गिरणी स्थापन केली. त्यानंतर पिढ्यान्‌पिढ्या लालबाग-परळच्या कामगाराने घाम गाळला तो बहुतांशी लँकेशायरहून आलेल्या यंत्रांवर. भांडवल देशी, श्रम देशी, कापूस देशी. पण यंत्राची विद्या परकी. नफा झाला तेव्हा मालकांनी तो यंत्रविद्येत फारसा गुंतवला नाही. १९८२ च्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. तेव्हा फिटर, जॉबर, साचेवाले यांच्या हातांतले कसबही विखुरले. जमिनीला भाव आला, कसबाला आला नाही. एकदा मोडलेली कसबाची साखळी पैसा टाकून परत विकत मिळत नाही, हे त्या टॉवरांच्या सावलीत राहणाऱ्यांना ठाऊक आहे.

हेलिकॉप्टरांची कथा त्याच वळणावर उभी आहे. १९४० साली वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानच्या साह्याने बंगळूरला विमान कारखाना काढला. तोच आजचा हिंदुस्तान एरोनॉटिक्स. १९६० च्या दशकात फ्रेंच परवान्यावर ‘चेतक’ तयार होऊ लागले. ‘ध्रुव’चे काम १९८४ मध्ये जर्मन सहकार्याने सुरू झाले आणि १९९२ मध्ये त्याने पहिले उड्डाण केले. ‘प्रचंड’ त्याचाच वंशज. तरीही त्याचे ‘शक्ती’ इंजिन फ्रेंच कंपनीच्या भागीदारीतले आहे. देशी भागांचे प्रमाण ६५ टक्क्यांपुढे नेणे हे करारातील उद्दिष्ट आहे. उरलेल्या भागात इंजिनाचा गाभा आणि अवघड धातुविद्या असेल, तर टक्केवारीला फार अर्थ नाही.

अपुऱ्या ज्ञानाची किंमत माणसे मोजतात. ८ मार्च २०२३ रोजी नौदलाचे ‘ध्रुव’ मुंबईलगतच्या समुद्रात उतरवावे लागले. तिघेही सुदैवाने वाचले. ५ जानेवारी २०२५ रोजी पोरबंदरला तटरक्षक दलाचे ‘ध्रुव’ कोसळून तिघे मृत्युमुखी पडले आणि साऱ्या ‘ध्रुव’ ताफ्याचे उड्डाण थांबले. याचा अर्थ परदेशी यंत्रे आणावीत असा नव्हे. चाचणी, धातुपरीक्षण आणि दर्जानियंत्रण यांवर खर्च करताना हात आखडू नये, हा त्याचा अर्थ.

आता एमआय-१७ ची जागा घेणारे १३ टन वजनगटातील हेलिकॉप्टर आखले जात आहे. त्याचे इंजिनही फ्रेंच कंपनीच्या भागीदारीत घडणार आहे. हीच वेळ आहे अटी घालण्याची. इंजिनाच्या आराखड्यावर भारताचा पूर्ण हक्क असावा. खरेदीच्या रकमेतील ठरावीक हिस्सा संशोधन, चाचणी आणि शिकाऊ कामगारांसाठी राखून ठेवावा. अपघातांच्या चौकशीचे निष्कर्ष, लष्करी गुपिते वगळून, संसदेपुढे यावेत. २०१८ मध्ये शेअर बाजारात उतरवलेल्या या कंपनीत सरकारचा हिस्सा ७१ टक्क्यांच्या घरात आहे. तो यापुढे विकू नये.

कामगार वस्त्यांतील सभांतून ही मागणी मांडणे हे पक्षकार्यकर्त्यांचे काम आहे. या हेलिकॉप्टरांचे पैसे चाळीतला माणूसही काडेपेटीपासून कपड्यापर्यंतच्या करांतून भरतो. त्याला केवळ पात्यांचा आवाज ऐकवून चालणार नाही. त्या यंत्राची विद्याही त्याच्या मुलांच्या हाती आली पाहिजे.