चुरगळलेल्या सदऱ्याचा अभिमान

काही वर्षांपूर्वी एका शहराच्या कडेला असलेल्या वस्तीत पाण्याच्या प्रश्नावर सभा होती. आम्ही चार-पाच कार्यकर्ते ठरल्या वेळेपेक्षा अर्धा तास उशिरा पोहोचलो. (उशिरा पोहोचणे ही आपली जुनी खोड आहे, तिच्यावर कधीतरी स्वतंत्र लिहावे लागेल.) समाजमंदिरात बायका ठेवणीतल्या साड्या नेसून बसल्या होत्या. पुरुष कामावरून परतून, हातपाय धुऊन, स्वच्छ सदरे घालून आले होते. आणि आम्ही? एकाच्या झब्ब्यावर एसटीतल्या झोपेच्या साऱ्या सुरकुत्या उमटलेल्या, दुसऱ्याच्या पायजम्याचा काठ उसवून जमिनीवर लोळत असलेला, आणि माझ्या सदऱ्याचे मधले बटण कित्येक दिवसांपासून गायब. सभा चांगली झाली. पण परतताना एक प्रसंग घडला, तो अजून मनातून जात नाही.

त्या वस्तीतला एक तरुण नुकताच आपल्या कामात येऊ लागला होता. इस्त्रीचा पांढरा सदरा, घडीची विजार, पॉलिश केलेले बूट अशा वेषात तो आला होता. आमच्यातील एका ज्येष्ठाने त्याची थट्टा केली, “काय रे, सभेला आलास की मुलगी पाहायला?” सगळे हसले, तोही हसला. मात्र एसटी स्थानकावर तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “भाऊ, तुमच्याकडे दुसरा सदरा आहे, हे सगळ्यांना ठाऊक असतं. माझ्याकडे नाही, हेही सगळ्यांना ठाऊक असतं. म्हणून आहे तो मला असाच घालावा लागतो.” त्यानंतर तो दोन बैठकांना आला, मग येईनासा झाला. तो त्या थट्टेमुळेच थांबला असे मी म्हणणार नाही. माणसाला पोट असते, घर असते, इतर शंभर कारणे असतात. पण थट्टा झाली होती, आणि ती आपण केली होती.

आपल्या चळवळीत चुरगळलेल्या कपड्यांना एक प्रकारची प्रतिष्ठा प्राप्त झालेली आहे. खांद्याला शबनम, अंगात रंग उडालेला झब्बा, दाढी वाढलेली, पायात झिजलेल्या चपला हे जणू निष्ठेचे प्रमाणपत्रच. जो नीटनेटका राहतो त्याच्याविषयी आपल्या मनात बारीकसा संशय असतो. याला निवडणुकीला तर उभे राहावयाचे नाही ना? वास्तविक हा अजागळपणा श्रमिकांकडून आलेला नाही. तो मध्यमवर्गीय, बहुधा वरच्या जातींतल्या घरांमधून आलेला आहे. ज्याच्या आडनावाला आणि शुद्ध बोलण्यालाच समाज मान देतो, त्याला फाटका झब्बा परवडतो. लोक त्याला त्यागी म्हणतात. तोच झब्बा वस्तीतल्या माणसाच्या अंगावर असला तर त्याला दारावरचा रखवालदार आत सोडत नाही.

गिरणगावातील जुन्या कामगारांच्या आठवणी ज्यांनी ऐकल्या आहेत त्यांना हे वेगळे सांगावयास नको. एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी दहा-वीस माणसे, प्रत्येकाची एक वळकटी आणि एक पत्र्याची पेटी. त्या पेटीत तळाशी एक परीटघडीचा जोड असे. साच्यावर काम करताना केसांत-भुवयांत कापसाची तूस बसलेली. पण सुट्टीच्या दिवशी, भजनाला, युनियनच्या सभेला किंवा गणपतीला गावी निघताना तो जोड बाहेर निघे. इस्त्री नसली तर पितळी तांब्यात निखारे भरून ती केली जाई, विजार रात्री अंथरुणाखाली दाबली जाई. पांढऱ्या कपड्याला नीळ, भाताच्या पेजेची खळ, कोपर विरले तर रफू, आणि कॉलर झिजली तर शिंप्याकडून ती उसवून उलटी बसवून घ्यावयाची. त्या उलटलेल्या कॉलरीत मला त्या माणसाचे सारे अर्थशास्त्र आणि सारा स्वाभिमान एकत्र दिसतो. 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपाने यांपैकी किती पेट्या रिकाम्या केल्या, हा वेगळा आणि वेदनादायक विषय आहे.

वस्त्र हा महाराष्ट्रातील परिवर्तनाच्या इतिहासात कधीच क्षुल्लक विषय नव्हता. 1888 साली पुण्यात ड्यूक ऑफ कॅनॉटच्या सन्मानार्थ झालेल्या समारंभास जोतीराव फुले शेतकऱ्याच्या फाटक्या वेषात गेले, ही हकिगत आपण अभिमानाने सांगतो. पण तिचा अर्थ नीट ध्यानी घ्यावयास हवा. जोतीराव काही रोज त्या वेषात वावरत नव्हते. त्या दिवशी, त्या राजपुत्रासमोर, हिंदुस्थानचा खरा प्रजाजन कसा आहे हे दाखविण्यासाठी त्यांनी तो वेष जाणूनबुजून निवडला. ते विधान होते, आळस नव्हता. गांधीजींनी सप्टेंबर 1921 मध्ये मदुराईत पंचा स्वीकारला तोही असाच विचारपूर्वक. आणि तो पंचा स्वच्छ असे, हे विसरता कामा नये. गाडगेबाबांच्या अंगावर चिंध्यांचीच गोधडी होती, पण हातात खराटा होता.

आणि दुसऱ्या बाजूस डॉ. आंबेडकर. डिसेंबर 1927 मध्ये महाडच्या सत्याग्रह परिषदेच्या वेळी त्यांनी स्त्रियांपुढे जे भाषण केले त्यात नेसण्याच्या पद्धतीचा आणि दागिन्यांचा मुद्दा मुद्दाम काढला होता. ज्या खुणांवरून जात ओळखली जाते त्या टाकून द्या, कपड्याला ठिगळे असली तरी चालतील पण तो स्वच्छ असू द्या, असा त्या सांगण्याचा आशय होता. स्वतः बाबासाहेब सुटाबुटात राहिले. त्यावरून त्यांना साहेबी थाटाचे म्हणून हिणवणारे त्या काळी होते, पुढेही राहिले. गांधीजींजवळ टाकण्याजोगे कपडे होते, म्हणून ते टाकू शकले. ज्यांना पिढ्यानपिढ्या चांगले वस्त्र अंगावर घालण्याची मनाई होती, त्यांच्या प्रतिनिधीने कोट घालणे हाच सत्याग्रह होता. आज गावोगावच्या निळ्या सुटातल्या पुतळ्यांकडे पाहून नाक मुरडणाऱ्या आपल्यातील काही रसिकांना हे अजून उमगलेले नाही.

ही मनाई इतिहासजमा झाली आहे असे ज्यांना वाटते त्यांनी बनासकांठ्याकडे पाहावे. मे 2023 च्या अखेरीस गुजरातच्या त्या जिल्ह्यात, पालनपूर तालुक्यात, चांगले कपडे घालून गॉगल लावला म्हणून एका दलित तरुणाला मारहाण झाल्याची तक्रार पोलिसांत नोंदविली गेली. नवरा मुलगा घोड्यावर बसला म्हणून वरात अडविल्याच्या बातम्या तर आपण दरवर्षी वाचतो. सदऱ्याला इस्त्री करणे ही काही माणसांसाठी अजून धाडसाची गोष्ट आहे.

आता शहराकडे वळू. येथे उलटाच देखावा दिसतो. अर्ध्या विजारीत आणि रबरी चपलांत पुरुष बँकेत येतात, लग्नाला येतात, आणि परवा तर एका मयतीलाही आलेले मी पाहिले. 2020 च्या टाळेबंदीत घरून काम करताना पडद्यावर दिसेल तेवढाच सदरा आणि खाली चड्डी अशी जी सोय रुळली, तिने ही सैलाई पक्की केली. हिच्याविरुद्ध नुसती कुरकुर करणे मला पसंत नाही. मे महिन्यात नागपुरात गळ्याला टाय आवळणे हा शहाणपणा कधीच नव्हता. तो गेला तर गेला. पण या सैलाईलाच जे लोक समता म्हणतात त्यांच्याशी माझे भांडण आहे.

कारण सैलाईचे वाटप समान झालेले नाही. अमेरिकेतील संगणक-उद्योगाचे धनाढ्य मालक साधा करडा टी-शर्ट घालून मंचावर येतात, आणि त्यांची नक्कल बंगळूर-पुण्याचे उद्योजक करतात. तो टी-शर्ट दिसतो साधा. त्याची किंमत साधी नसते. मालक असा मोकळा झाला आणि त्याच्या दारावरचा रखवालदार मात्र जाड पॉलिएस्टरच्या गणवेशात, खांद्यावर खोटे बिल्ले लावून, बारा-बारा तास उन्हात उभा. विम्याचे हप्ते गोळा करणाऱ्या, दुकानातून दुकानात हिंडणाऱ्या पोराच्या गळ्यात टाय आहे. घरोघरी जेवण पोहोचविणाऱ्याच्या पाठीवर कंपनीचे नाव आहे, आणि त्या सदऱ्याचे पैसे अनेकदा त्याच्याच कमाईतून कापलेले आहेत. पूर्वी मालक कोटात आणि नोकर उघडा असे. आता मालकाने कोट उतरवून नोकराला घातला आहे. यात समता कोठे आली, हे मला कोणी समजावून द्यावे.

या सैलाईमागे एक बाजारही उभा आहे. पूर्वी सव्वादोन मीटर कापड घेऊन माणूस शिंप्याकडे जाई. शिंपी शिवणीत माया सोडत असे, म्हणजे पोट सुटले तर सदराही थोडा सुटावा. तो सदरा आठ-दहा वर्षे टिके, मग धाकट्या भावाकडे जाई, मग पिशवी होई, शेवटी पायपुसणे. नाही तर बोहारणीकडे जाऊन त्याचे पातेले होई. आता तीन सदऱ्यांवर दोन मोफत, आणि सहा धुण्यांत त्यांचा आकार जातो. कपाट भरलेले आणि अंगावर घालण्याजोगे काही नाही, अशी स्थिती. ही स्वस्ताई कोणाच्या जिवावर येते ते 24 एप्रिल 2013 रोजी ढाक्याजवळच्या साव्हार येथे राणा प्लाझा ही इमारत कोसळली तेव्हा जगाला दिसले. अकराशेंहून अधिक शिवणकामगार त्या ढिगाऱ्याखाली मेले. भिंतींना तडे गेलेले आदल्या दिवशीच दिसले होते, तरी त्यांना कामावर बोलावण्यात आले होते. इकडे आपल्या देशात 2019-20 च्या हातमाग गणनेनुसार सुमारे 35 लाख माणसे हातमागावर आणि त्याच्या पूरक कामांवर जगतात, आणि त्यांत बहुसंख्य स्त्रिया आहेत. वर्षातून दोनच सदरे घ्यावे, पण चांगल्या कापडाचे घ्यावे आणि ते शिवून घ्यावे, ही सवय त्यांच्या आणि गल्लीतल्या शिंप्याच्या पदरात थेट काही टाकते. घोषणांच्या मानाने हे काम फारसे अवघड नाही.

परदेशातील समाजवाद्यांनाही हा प्रश्न चुकलेला नाही. 1892 साली कीर हार्डी ब्रिटिश पार्लमेंटमध्ये गेले ते सभागृहाच्या रिवाजातला काळा लांब कोट आणि उंच टोपी नाकारून, साध्या लोकरी सुटात आणि टोपीत. खाणीत राबून वर आलेल्या माणसाला तो अधिकार होता. 1981 च्या नोव्हेंबरात मजूर पक्षाचे नेते मायकेल फूट लंडनमधील युद्धस्मारकाच्या समारंभाला आखूड हिरवट कोट घालून गेले, आणि वृत्तपत्रांनी ‘बांधकाम-मजुराचे जाकीट’ म्हणून त्यांची वर्षानुवर्षे टर उडविली. तो तसला कोट नव्हताच, त्यांच्या पत्नीने घेतलेला चांगला कोट होता. टर अन्याय्य होती हे मान्य. पण त्या दिवशी इंग्लंडातील साधे कामगार आपापल्या गावच्या स्मारकापुढे आपला ठेवणीतला काळा सूट घालून उभे होते, हेही तितकेच खरे. मेलेल्यांचा मान कसा राखावा याची त्यांची एक रीत होती, आणि नेत्याचा वेष तिच्याशी जुळला नाही.

येथे आपल्या भगिनी एक प्रश्न विचारतील, आणि तो विचारलाच पाहिजे. पुरुषाची परीटघडी आजवर कोणी सांभाळली? पांढऱ्याशुभ्र खादीतले आपले कितीतरी थोर नेते व्यासपीठावर स्त्री-पुरुष समतेवर बोलत असताना त्यांचे धोतर घरी कोणीतरी बडवीत होते. म्हणून नीटनेटके राहावे, असे मी पुरुषांना सांगतो तेव्हा त्याचा अर्थ स्वतः धुवावे, स्वतः वाळत घालावे, बटण तुटले तर स्वतः लावावे असाच आहे. बायकोच्या पाठीवर चढून मिळविलेल्या ऐटीपेक्षा सुरकुत्या पत्करल्या. गांधीजींच्या आश्रमात हे शिक्षण होते. आपल्या शिबिरांतून ते कधी नाहीसे झाले कोण जाणे.

कोणी म्हणेल, महागाई, बेकारी, दंगे यांच्यापुढे हा कसला विषय काढलात? ठीक आहे. मी मोर्चा काढा असे म्हणत नाही. आपण ज्या माणसाच्या दारात जातो तो आपल्याकडे पाहून काय समजतो, एवढेच पाहा असे म्हणतो. ज्याने आपल्यासाठी पेटीतला जोड काढला त्याच्यासमोर आपण अंथरुणातून उठल्यासारखे जातो, तेव्हा तुमच्यासाठी मला तयार व्हावेसे वाटले नाही, एवढे तो नक्की समजतो. उंची कापडाची गरज नाही. अंगाला बसणारे, धुतलेले, दुरुस्त केलेले आणि प्रसंगाला शोभणारे असले की पुरे.

दिवाळीनंतरच्या शिबिराच्या परिपत्रकात ताट, वाटी, पांघरूण आणि वही आणण्याची सूचना दरवर्षी असते. यंदा तीत सुई-दोरा आणि दोन जादा बटणे घालावीत, आणि सकाळच्या श्रमदानानंतर पुरुषांसाठी अर्धा तास कपड्यांचा ठेवावा, असे मी संयोजकांना पत्राने कळविले आहे. दोन इस्त्र्या मी घरून आणीन. त्यांतली एक कोळशाची आहे. तिची लाकडी मूठ सैल झाली आहे, ती तेवढी बसवून घ्यावी लागेल.