‘हँडमेड आहे, चालायचंच’

पारदर्शक रेझिनचा पेन उजेडात धरा. आतली पितळी नळी दिसते, आणि नळीभोवती अडकलेले हवेचे बुडबुडे, गोंदाचे ढग, गोंद न पोचलेले कोरडे पट्टेही दिसतात. विचारलं की ठरलेलं उत्तर मिळतं: ‘हँडमेड आहे ना, थोडं चालायचंच.’ माझं भांडण या वाक्याशी आहे.

मी सेनगावचा. आमच्याकडे हिंगोलीच्या बाजारात हळद नेली की व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतो. ‘हातानं काढलीय, सांभाळून घ्या’ म्हणायची सोय शेतकऱ्याला नाही. मग दीड हजाराच्या पेनाला ही सवलत का?

बुडबुडा हातामुळे येत नाही, घाईमुळे येतो. लाकडी पेनात नळी कशीही चिकटवली तरी झाकून जाते. तीच सवय पारदर्शक रेझिनमध्ये उघडी पडते. खरं तर उपाय सगळ्यांना माहीत आहेत. ड्रिल हळू चालवायचं, सारखं बाहेर काढून कीस झाडायचा, नाहीतर रेझिन तापून आत चरे पडतात. नळी सँडपेपरनं खरवडून पुसायची. भोकाला आतून आणि नळीला बाहेरून एकाच रंगाचा हात द्यायचा, तो पूर्ण वाळू द्यायचा. (काही सोवळे लोक या रंगाला फसवणूक म्हणतात. भिंतीला रंग देऊन विटा लपवल्या म्हणून कुणी पोलिसात जातं का? आणि रंगामागं गोंद पोकळ राहिलाच, तर लेथवर नेमका तिथला टवका उडतो.) मग नळीच्या तोंडाला मेणाचं बूच, सावकाश सेट होणारं इपॉक्सी, आणि नळी फिरवत फिरवत आत. पुढं एक दिवस हात लावायचा नाही.

हा एक दिवसच कुणाला नको असतो. म्हणून फेविक्विक! नळी अर्ध्यात अडकली तर तुकडा भंगारात. बसली तरी सांधा ठिसूळ. उन्हात रेझिन पितळेपेक्षा कितीतरी जास्त फुगतं. मराठवाड्यातल्या मे महिन्यात बंद गाडीत पेन राहिला, की हा सांधा सुटायला वेळ लागत नाही. आमच्या धंद्यात असा कोड फक्त डेमोपुरता चालतो.

राजमहेंद्रीला रत्नम १९३२ पासून पेन करतात. एबोनाइटच्या त्या पेनांत नळीच नाही, आटे थेट दांड्यात पाडलेले. तिथं आटे चुकले तर शाई खिशात उतरते, आणि खिसा कुणाचं कौतुक ऐकत नाही.

मला राग येतो तो या दयेचा. ‘गावाकडच्या पोरानं केलंय, किती छान!’ म्हणत गिऱ्हाईक एक पेन घेतं, ड्रॉवरमध्ये टाकतं आणि परत फिरकत नाही. उद्या सेनगावात कुणी कर्ज काढून लेथ मांडला, तर त्याचा हप्ता लाइक्सवर फिटणार नाही. त्याला दुसरी ऑर्डर लागेल, त्याच गिऱ्हाइकाची.

तेव्हा पेन घेताना मोबाइलचा टॉर्च लावा, फिरवून बघा. ढग दिसले, रंगाचे पोपडे दिसले, तर तोंडावर सांगा आणि परत करा. काम स्वच्छ असेल तर भाव पाडू नका. आणि ‘उद्यापर्यंत मिळेल का?’ असं तर अजिबात विचारू नका.