‘पण’ची जागा बदला

माझी मुलगी पाचवीत आहे. मागच्या आठवड्यात तिची इंग्रजीची वही तपासून आली. दोन वाक्यं जोडायची होती : तो गरीब आहे. तो प्रामाणिक आहे. तिनं मध्ये ‘अँड’ लिहिलं होतं. लाल पेनानं ते खोडून तिथे ‘बट’ केलेलं, आणि अर्धा गुण कापलेला. रात्री जेवताना तिनं विचारलं, “अब्बू, गरीब माणूस इमानदार नसतो का?”

मला पटकन उत्तर सुचलं नाही. मीही शाळेत हेच उदाहरण शिकलो होतो. मला पूर्ण गुण मिळाले होते, कारण मी असा प्रश्न विचारलाच नव्हता.

पॉल ग्राइस या इंग्रज तत्त्वज्ञानं 1961 साली जवळपास याच वाक्याचा विचार केला होता : ती गरीब होती, पण प्रामाणिक होती. त्याचा मुद्दा सोपा आहे. ‘बट’ काढून ‘अँड’ घातलं तरी वाक्यातली माहिती तीच राहते. ती गरीब आहे हेही खरं, प्रामाणिक आहे हेही खरं. ‘बट’ फक्त एक इशारा जोडतो, की या दोन गोष्टी सहसा एकत्र नसतात. हा इशारा उघड बोललेला नसतो, म्हणून त्याला खोटंही ठरवता येत नाही. बोलणारा हात वर करून मोकळा : “मी कुठे गरिबांना बेइमान म्हटलं?”

इंग्रजी बोलणाऱ्यांनी या शब्दाचा आणखी एक वापर रूढ केला आहे : “मी वंशभेद मानत नाही, बट...” या ‘बट’च्या आधीचं सगळं पुसायचं आणि नंतरचं तेवढं ऐकायचं, हे आता त्यांच्याकडे लहान पोरालाही कळतं.

आपल्याकडे काय वेगळं आहे? मी वडनेर भोलजीचा. घरात उर्दू, गल्लीत वऱ्हाडी, शाळेत पुस्तकी मराठी, असा वाढलो. गावात माझ्या मराठीचं कुणाला कधी नवल वाटलं नाही. पण गावाबाहेर पडलो, नाव सांगितलं, की वाक्य ठरलेलं : “तुम्ही मुसलमान, पण मराठी काय छान बोलता हो!” मी हसून “थँक्यू” म्हणायचो. आता म्हणत नाही.

लोक म्हणतील, अहो, ते तर कौतुक करतात, तुम्ही एका शब्दाचं काय घेऊन बसलात? मी घेऊन बसलो, कारण या कौतुकात मी अपवाद ठरतो आणि माझी अम्मी, माझा भाऊ, माझी अख्खी गल्ली नियम ठरते. मला उचलून धरायचं आणि बाकीच्यांना खाली ठेवायचं, हे काम ‘पण’ करतो.

आणि हाच ‘पण’ शहरात भाड्याचं घर शोधताना दारात उभा राहतो. “आम्हाला काही अडचण नाही हो, पण सोसायटीतले लोक...” मी हे वाक्य तीन दारांत ऐकलं. तिन्ही माणसं सभ्य होती. एकानं तर चहाही पाजला. घर कुणीच दिलं नाही. शिवी दिली असती तर भांडता आलं असतं, तक्रार करता आली असती. ‘पण’विरुद्ध तक्रार कुठे करायची?

त्याचीच बहीण ‘असूनही’. अब्दुल हमीद 1965 च्या युद्धात रणगाड्यांशी लढताना शहीद झाले, त्यांना परमवीरचक्र मिळालं. डॉ. कलाम राष्ट्रपती झाले. त्यांच्याबद्दल भाषणं होतात तेव्हा “मुसलमान असूनही” हे शब्द कुठून तरी येतातच. आणि तिसरी ती ‘की’ : “तुम्ही आधी भारतीय की आधी मुसलमान?” प्रश्नातच ‘की’ घातली, की उत्तर काहीही द्या, आपण हरतो.

मराठी आम्हाला कुणी दान दिलेली नाही. श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला. बार्शीच्या शाहीर अमर शेखांनी संयुक्त महाराष्ट्रासाठी गावोगाव डफ वाजवला, तेव्हा कुठे 1 मे 1960 उजाडला. यू. म. पठाणांनी आयुष्यभर संतसाहित्य शिकवलं, 2007 साली त्यांना पद्मश्री मिळाली. 1990 साली सोलापुरात मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरलं. यातल्या कुठल्या वाक्यात ‘पण’ बसतो, दाखवा.

मात्र बोट दुसऱ्याकडे दाखवून मी थांबणार नाही. आपल्या घरातही हा शब्द पोसलेला आहे. “मुलगी शिकलेली आहे, पण घरकाम येतं.” “बिरादरी आपली नाही, पण माणसं चांगली आहेत.” “तो हिंदू आहे, पण दिलाचा साफ आहे.” आपल्या दस्तरखानावर ही वाक्यं मी ऐकली आहेत, स्वतः बोललोही आहे. सूरह अल-हुजुरात आपल्याला एकमेकांची टवाळी करायला, वाईट नावं ठेवायला मना करते. सभ्य ‘पण’नं ठेवलेलं नाव हेही नाव ठेवणंच आहे. दुसऱ्यांकडून सन्मान मागायचा तर आधी आपली जीभ तपासावी लागेल.

मग करायचं काय? मराठी सोडायची गरज नाही, उलट मराठीच नीट वापरायची. इंग्रजीतल्या ‘बट’चा मूळ अर्थ ‘बाहेर’ असा आहे. आपला ‘पण’ मात्र ‘पुनः’पासून आला आहे, म्हणजे ‘परत, आणखी’. म्हणूनच मराठीत त्याचे दोन अर्थ आहेत. “पण मी येतो” आणि “मी पण येतो” यांत शब्द तेच आहेत, जागा तेवढी बदलली आहे. पहिल्यात ‘पण’ अडवतो, दुसऱ्यात सोबत घेतो. वऱ्हाडीत आपण त्यालाच ‘बी’ म्हणतो, उर्दूत ‘भी’.

तेव्हा वाचकहो, एवढंच करा. कुणी म्हणालं, “मुसलमान आहात, पण मराठी छान बोलता,” तर रागावू नका, हसून सोडूनही देऊ नका. शांतपणे वाक्य दुरुस्त करून द्या : “मुसलमान पण मराठी बोलतात, भाऊ. पहिल्यापासून बोलतात.” आणि आपल्या घरात कुणी तसा ‘पण’ वापरला, तर त्यालाही तिथल्या तिथे टोका, मग तो वयानं मोठा का असेना.

मुलीच्या वहीत मी तिचा ‘अँड’ परत लिहिला आणि खाली सही केली. अर्धा गुण गेला तर जाऊ दे. उद्या बाईंना भेटायला जाणार आहे. भांडायला नाही, तिनं मला विचारलेला प्रश्न त्यांना पण विचारायला.